स्केल मॉडेल किट जोडण्याचा छंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी येणारा पाहुणा हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी थांबतो, नाक काचेला टेकवतो आणि विचारतो, "हे सगळं तू केलंस?" पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. त्यातले कामाचे इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. मी मुख्यतः विमानं आणि अधूनमधून रणगाडे जोडतो, खोक्यात फ्रेमला लागून येणाऱ्या प्लास्टिकच्या भागांपासून. त्यामुळे मोटारी, शिडाची जहाजं आणि गनप्लाच्या रोबोंविषयी इथे फारसं सापडणार नाही.

खेळण्यातलं विमान आणि स्केल मॉडेल यांत फरक काय?

आपल्याकडचा दिवाळीतला किल्ला आठवा. बुरुजावर उभा असलेला मातीचा मावळा महादरवाज्याहून उंच असतो, विहिरीपेक्षा तोफ मोठी असते आणि पायथ्याशी वाघ हत्तीएवढा. कुणालाही त्याचं वावगं वाटत नाही, वाटूही नये. स्केल मॉडेलमध्ये मात्र पहिला नियमच मापाचा. खऱ्या वस्तूचा प्रत्येक भाग एकाच पटीत लहान केलेला असतो. १/७२ म्हणजे एकास बहात्तर, म्हणजे अशी बहात्तर मॉडेलं एकापुढे एक ठेवली की खऱ्या विमानाची लांबी भरते.

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १/७२ मध्ये तो होतो साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. १/४८ मध्ये तेच विमान १५ सेंटिमीटरच्या आसपास जातं. जुनी आयएनएस विक्रांत ७०० फूट लांब होती. १/७०० मध्ये ती बरोबर एक फूट भरते, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. हा हिशेब मला अजूनही आवडतो. २०१४ मध्ये मुंबईत ते जहाज भंगारात निघालं. नौदल गोदीजवळ तरंगतं संग्रहालय म्हणून उभं असताना ज्यांनी ते डेकवर चढून पाहिलंय, त्यांना ही फूटभराची पट्टी जरा वेगळी दिसते.

हे विचित्र आकडे आले कुठून? सरळ १/५० किंवा १/१०० का नाही?

कारण ते इंच-फुटांच्या हिशेबातून आले. १/७२ म्हणजे एका इंचाला सहा फूट आणि १/४८ म्हणजे पाव इंचाला एक फूट. ब्रिटिश आणि अमेरिकी कारागिरांना ही मापं सोयीची होती, पुढे तीच रूढ झाली.

रणगाड्यांच्या १/३५ ची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारं जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचा आकार ठरवला गेला, आणि मग मोजून पाहिलं तर तो १/३५ च्या जवळपास निघाला. आज जगभरातल्या कंपन्या रणगाडे त्याच मापात काढतात. एका जुन्या बॅटरीने अख्ख्या छंदाचं माप ठरवलं म्हणायला हरकत नाही.

तामियाचं गाव शिझुओका. फुजिमी, आओशिमा यांचंही तेच गाव, आणि हासेगावा शेजारच्याच याइझूची. इंग्लंडची एअरफिक्स त्याहून जुनी, १९३९ सालची. तिने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचं मॉडेल काढलं. १९५२ मध्ये गोल्डन हाइंड हे छोटं जहाज वूलवर्थच्या दुकानांत साध्या पिशवीतून विकायला ठेवलं, आणि तिथून तिची गाडी सुरू झाली. एअरफिक्सच्या काही खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं दिसलं तर ते बनावट समजू नका. मधल्या काळात तिची बरीच किटं खरोखरच भारतात ओतली जात होती. इथे ओतलेलं किट परदेशी फिरून, जकात भरून परत आपल्याच दारात येतं, हा त्यातला विनोद.

पहिलं किट कोणतं घ्यावं?

एका इंजिनाचं, पंखांची एकच जोडी असलेलं, १/७२ मधलं, पन्नास-साठ भागांच्या आतलं आणि अलीकडच्या साच्यातलं. स्पिटफायर किंवा मस्टँग यांसारखी दुसऱ्या महायुद्धातली विमानं यासाठी उत्तम.

'अलीकडच्या साच्यातलं' हे शब्द महत्त्वाचे. पोलादी साचा पन्नास-पन्नास वर्षं टिकतो आणि कंपन्या जुनाच साचा नव्या चकचकीत खोक्यात घालून विकतात. खोक्यावरचं चित्र नवं, आतल्या भागांत मात्र बोटभर फट. नवख्या माणसाला वाटतं आपलाच हात वाईट. घेण्याआधी त्या किटचा साचा कोणत्या वर्षाचा आहे ते शोधून पाहा.

एकावर एक अशा दोन पंखांचं जुनं विमान घेऊ नका, कारण पंखांमधल्या तारा बांधताना रडाल. १/७०० चं जहाज घेऊ नका, त्यातल्या तोफा तांदळाच्या कणीएवढ्या असतात. आणि काहीही झालं तरी मनातलं सर्वांत लाडकं विमान पहिल्यांदा घेऊ नका. पहिलं किट बिघडणार आहे. ज्याचं वाईट वाटणार नाही असं काहीतरी बिघडवा.

सुरुवातीला काय काय सामान लागतं?

जाहिरातींत दिसतं त्याच्या पाव हिस्साही नाही. भाग फ्रेमवरून कापायला चांगला निपर, धारदार हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, प्लास्टिकसाठीचा पातळ सिमेंट (म्हणजे मॉडेलचा गोंद) आणि पॉलिश पेपर. पेपर हार्डवेअरच्या दुकानात 'वॉटर पेपर' म्हणून मागा: ४००, ८००, १००० आणि २००० नंबर, प्रत्येकी एक ताव. तो पुढे वर्षभर पुरतो. पाणी लावून घासला तर धूळ उडत नाही आणि ओरखडेही कमी पडतात.

बाकीचं घरात असतंच. पकडून ठेवायला कपड्यांचे चिमटे आणि रबर, बारीक भागांसाठी जुना मसाल्याचा डबा, रंग ढवळायला टूथपिक. नखं घासायचा बफर घरात कुणाकडे असेल तर विचारून घ्या, पारदर्शक भागांना चकाकी आणायला त्याच्यासारखं काही नाही.

नेलकटरने भाग कापणारे लोक मी पाहिलेत. चालतं, पण कडा पिचते आणि प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, निपर चांगला घ्या.

फेविक्विकने चिकटवलं तर काय बिघडतं?

फेविक्विक दोन भागांच्या मधे थर होऊन बसतो. मॉडेलचा सिमेंट तसा नसतो. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की मधे सांधा उरत नाही, एकच प्लास्टिक राहतं. वेल्डिंगच म्हणा. पातळ सिमेंटची आणखी एक गंमत म्हणजे तो भागांना लावून मग जोडायचं नसतं. दोन्ही भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. दिव्याची वात तेल ओढते तसा तो आपोआप फटीत धावतो. फक्त तिथे बोट नको. बोटाखाली सिमेंट शिरला तर तुमचा ठसा त्या विमानावर कायमचा राहतो. माझ्या पहिल्या स्पिटफायरच्या डाव्या पंखाखाली माझा अंगठा आहे, पोलिसांना उपयोगी पडेल इतका स्पष्ट.

फेविक्विक धातूच्या आणि रेझिनच्या भागांसाठी ठेवा, कारण सिमेंटने ते विरघळतच नाहीत. कॉकपिटच्या काचेला मात्र तो चुकूनही लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी धुरकट होते आणि बंद झालेल्या कॉकपिटच्या आत हात घालता येत नाही. काचेला साधा पांढरा फेविकोल लावा, तो वाळला की पारदर्शक होतो. जास्त झाला तर ओल्या कापडाने पुसून टाकायचा.

खोकं उघडल्यावर लगेच जोडायला घ्यायचं का?

नाही. आधी सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून मारलेल्या तेलाचा अंश त्यावर असतो, आणि तो राहिला तर रंग सोलून निघतो.

मग सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचा. ते पाळायचंच असतं असं नाही. त्यातला क्रम जोडणीच्या सोयीचा असतो, रंगकामाच्या सोयीचा नसतो. चाकं, क्षेपणास्त्रं, अँटेना हे सगळं रंगवून झाल्यावर लावायचं. कॉकपिट मात्र आधी रंगवायचं, कारण धडाचे दोन्ही भाग मिटले की संपलं.

नाकाखाली चाक असलेल्या विमानाच्या सूचनांत वजनाची खूण दिसली तर ती गंभीरपणे घ्या. नाकात मासेमारीच्या गळाचं शिशाचं वजन किंवा लोखंडी नट चिकटवला नाही तर पूर्ण झालेलं विमान शेपटीवर बसतं. शिसं हाताळलंत तर हात धुऊनच जेवायला बसा.

प्रत्येक भाग चिकटवण्याआधी कोरडा जुळवून पाहणं, ज्याला सगळे ड्राय फिट म्हणतात, एवढी एक सवय लागली तर निम्मी पुट्टी वाचते.

ब्रश पुरे की एअरब्रश लागतोच?

पहिली तीन-चार किटं ब्रशनेच करा. रंग पातळ करून दोन-तीन हात द्या, आधीचा थर पूर्ण वाळेपर्यंत पुढचा नको. दाट रंगाचा एकच हात मारला तर खिडकीच्या गजावरच्या ऑइलपेंटसारखं दिसतं.

एअरब्रश घ्याल तेव्हा ०.३ मिलिमीटरचा नॉझल, टाकी असलेला छोटा कंप्रेसर आणि १५ ते २० पीएसआय दाब एवढ्यात बहुतेक कामं होतात. रंग दुधाइतका पातळ हवा. मोठी रंगकामं करताना खिडकी उघडी आणि तोंडावर द्रावकाची वाफ अडवणारा मास्क हवा. करोनातला कापडी मास्क यासाठी कामाचा नाही.

रंगांत तीन घराणी आहेत: पाण्यावरचे ॲक्रिलिक, इनॅमल आणि लॅकर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ॲक्रिलिकपासून सुरुवात करावी. वास कमी, आणि चुकलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बरंचसं निघतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातल्या ॲसिटोनने रंगाबरोबर विमानही निघतं.

पावसाळ्यात रंगकाम करावं का?

मुंबई-कोकणात राहत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये जोडणी करा, रंगकाम पुढे ढकला. दमट हवेत लॅकर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग पांढुरका, दुधाळ पडतो. कंप्रेसरच्या नळीतही पाणी साठतं आणि नेमकं शेवटच्या हाताला त्याचा थेंब बाहेर थुंकला जातो. मॉइश्चर ट्रॅप असतो, पण कोकणातल्या श्रावणापुढे तोही हात टेकतो.

डेकलचे, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायच्या चिन्हांचे आणि आकड्यांचे, कागद झिप पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा. दोन पावसाळे उघड्या खोक्यात काढलेले डेकल पिवळे पडतात, कधी बुरशी धरतात. पिवळेपणा असेल तर पिशवीतच खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस ऊन दाखवा, बराच उतरतो. माझ्या खिडकीला हंटर विमानाचे डेकल पंधरा दिवस लटकत होते. शेजारच्या काकूंनी शेवटी विचारलंच की हा कसला तोडगा.

डेकलच्या कडेने चंदेरी, धुरकट किनार का दिसते?

खाली हवा अडकते म्हणून. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डेकल त्याच्या टेकड्यांवर बसतं आणि दऱ्यांत हवा राहते. म्हणून डेकलच्या आधी चकचकीत क्लिअर कोट, मग डेकल, त्यावर डेकल मऊ करणारं द्रावण आणि शेवटी मॅट कोट. द्रावण लावल्यावर डेकल सुरकुततं, जीव घाबराघुबरा होतो. हात लावू नका, ते आपोआप सपाट बसतं.

मला भारतीय विमानंच करायची आहेत. मिळतात का?

मिळतात, पण डोळे उघडे ठेवून घ्यावी लागतात. या उत्तरावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात.

पहिलं उदाहरण सुखोई-३०. दुकानदार सुखोई-३० एमकेके चं किट दाखवतो आणि 'इंडियन डेकल लाव की झालं' म्हणतो. एमकेके हे चीनसाठीचं विमान. आपल्या एमकेआय ला कॉकपिटच्या बाजूंना पुढे छोटे कॅनार्ड पंख असतात आणि इंजिनांची तोंडं वळणारी असतात. एमकेके ला यातलं काहीच नाही. डेकल लावून कॅनार्ड उगवत नाहीत. रशियाचं सुखोई-३० एसएम मात्र एमकेआय वरूनच बेतलेलं आहे. झ्वेझ्दा कंपनीचं १/७२ एसएम चं किट त्यासाठी बरंच जवळचं.

दुसरं नॅट. पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजलेलं आपलं नॅट एका आसनाचं होतं. एअरफिक्सचं नॅट हे दोन आसनांचं ब्रिटिश ट्रेनर आहे, रेड ॲरोज या हवाई कसरतींच्या पथकाच्या लाल रंगातलं. तो वेगळ्याच लांबीचा प्राणी आहे.

तिसरं मिग-२१. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निरोप मिळेपर्यंत ही विमानं हवाई दलात होती, पण 'मिग-२१' हे एक विमान नव्हे, कुटुंब आहे. १९७१ च्या युद्धातलं एफएल आणि नंतरचं बिस शेजारी ठेवा. बिसची पाठ चांगलीच पुष्ट आहे, एफएलची सडपातळ. एफएलला अंगची तोफ नव्हती, म्हणून पोटाखाली जीपी-९ हा गन-पॉड बसवत. १९७१ चं विमान करायला बिसचं किट घेतलंत तर पाठ तासून तासून हात दुखतील. एदुआर्दची १/४८ मधली मिग-२१ किटं अप्रतिम आहेत, फक्त खोक्यावर एमएफ आहे की बिस ते वाचा.

हंटर त्या मानाने सोपं. रेव्हेलचं १/७२ आणि एअरफिक्सचं १/४८, दोन्ही चांगली. लोंगेवालाची हंटर करायची असेल तर इथून सुरुवात करा. भारतीय खुणांचे डेकल वेगळे विकत मिळतात. स्वतः रंगवणार असाल तर गोलात केशरी बाहेर, मधे पांढरा, आत हिरवा. आणि केशरी रंगाखाली आधी पांढरा द्या, नाहीतर करड्या रंगावर केशरी विटकरी दिसतो.

खरं विमान किंवा रणगाडा जवळून कुठे पाहता येईल?

रणगाड्यांसाठी अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. विजयंता, सेंच्युरियन, पकडून आणलेला पॅटन, महायुद्धातले माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन, शिवाय रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती गाडी, असं सगळं एका आवारात आहे. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे विक्रांतवरून उडालेल्या जातीची सी हॉक आणि आलिझे उभी आहेत. समुद्रावर जायला निघालेल्या कुटुंबाला तिकडे वळवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. मला ते दोन वेळा जमलं.

नुसते लांबून फोटो काढू नका. चाकाच्या खोबणीत, पंखाच्या मुळाशी, साखळीच्या कड्यांवर माती कुठे धरते, रंग आधी कुठे उडतो हे पाहा. जिथे फोटोला मनाई असेल तिथे वही काढा.

माती, गंज, धूर हे किती दाखवायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं. चढायच्या पायरीपाशी रंग झिजतो, इंजिनाच्या तोंडामागे काजळी धरते, तेल गळतं ते हवेच्या झोताबरोबर मागे ओघळतं. याला कारण असतं. कारण नसलेला गंज म्हणजे नुसता तपकिरी रंग. ॲल्युमिनियमच्या विमानावर लालसर गंज दिसला की समजावं, करणाऱ्याने रणगाड्याचा व्हिडिओ पाहिलाय.

खर्च किती येतो?

१/७२ चं साधं किट हजार-दोन हजारांत, पहिली हत्यारं आणि रंग मिळून तितकेच. एअरब्रशच्या दिशेने पाऊल टाकलं की हिशेब बदलतो. परदेशातून मागवताना किटच्या किमतीवर टपाल, जकात आणि कर धरूनच 'स्वस्त' म्हणा. एकदा माझं पार्सल तीन आठवडे अडकून शेवटी आलं तेव्हा भरलेल्या पैशांत दुसरं किट आलं असतं, आणि खोकं असं चेपलेलं की आतला पंख फ्रेमवरून सुटून खुळखुळत होता.

खरा खर्च कपाटातल्या न उघडलेल्या खोक्यांचा असतो. सवलत दिसली की घेतलं, आणि जोडतोय मात्र वर्षाला चार. हातातलं टेबलावरून उठल्याशिवाय नवं घ्यायचं नाही असा नियम मी केला आहे. आत्ता कपाटात एकवीस खोकी आहेत.

मुलांना देता येईल का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे, न चिकटवता नुसते दाबून बसणारे स्नॅप-फिट किट द्या. बांदाईची गनप्ला किटं त्यासाठी छान, वेगळी रंगवावी लागत नाहीत आणि भाग खटकन बसतात. सुरी आणि सिमेंट मोठ्यांच्या देखरेखीखाली. मुलाने चाक उलटं लावलं तर लगेच हिसकावून दुरुस्त करू नका. विमान त्याचं आहे.

बारीक भाग चिमट्यातून उडाला. आता?

हलू नका. खुर्ची सरकवू नका. दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवा, बारीकशा भागाचीही लांब सावली पडते. मोझॅकच्या फरशीवर एवढा एकच उपाय चालतो, कारण तिथे प्रत्येक ठिपका तुमचा भागच वाटतो. तरीही नाही सापडला तर व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून बांधा आणि खोलीभर फिरवा. आणि उद्या केर काढणाऱ्या मावशींना आजच सांगून ठेवा.

पूर्ण झालेल्या मॉडेलवरची धूळ कशी काढायची?

मऊ मेकअप ब्रशने, फुंकर घालत, पुढून मागे. फडकं नको. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशी घरी थांबा किंवा कपाटाला कुलूप लावा. कारण कितीही जपलं तरी सर्वांत पुढे आलेली वस्तू आधी तुटते, आणि मिग-२१ मध्ये ती म्हणजे नाकावरची लांब पिटो नळी. माझी तीन वेळा तुटली. चौथ्यांदा प्लास्टिकची नळी टाकून देऊन औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची २४ नंबरची नवी सुई आणली, टोक कानशीवर बोथट केलं, फेविक्विकने बसवली. आता तुटत नाही. बोटाला टोचते.